जुन्या मर्सिडीजचा आराम नेमका कुठं असतो आणि तो कसा तपासायचा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. सांगलीच्या मामांकडे १९९६ ची मर्सिडीज ई २२० आहे. ती बरीच वर्षं नुसती दारात उभी आहे आणि मामा ती तुम्हाला द्यायला तयार आहेत. वडिलांना मणक्याचं दुखणं आहे आणि महिन्यातून एकदा त्यांना साताऱ्याहून पुण्याला दवाखान्यात न्यावं लागतं. तुम्ही गाडी सांगली ते मिरज अशी चालवून पाहिलीत आणि तीन तक्रारी लिहिल्यात. एक, गाडी तरंगते. दोन, स्टिअरिंग सुस्त आहे. तीन, मागून टकटक येते. शेवटी विचारलंय, ‘जुनी मर्सिडीज म्हणजे गादी असं सगळे सांगतात, मला तर दाजींची नवी सेडान जास्त सुखाची वाटली. माझं काही चुकतंय का?’

तुमचं काही चुकत नाही. तिन्ही तक्रारी खऱ्या आहेत. त्यातल्या अडीच दुरुस्त होण्यासारख्या आहेत आणि उरलेली अर्धी म्हणजे त्या स्टिअरिंगचा मूळ स्वभाव. मी साताऱ्यात अठ्ठावीस वर्षं गाडीच्या खालच्या बाजूचंच काम करतोय: सस्पेन्शन, स्टिअरिंग, अलायनमेंट (चाकांचे कोन जुळवणं). या मॉडेलच्या बऱ्याच गाड्या हाताखालून गेल्यात. त्यावरून सांगतो, तीस वर्षांच्या गाडीत बसून आपण तिच्या आरामाबद्दल जे मत बनवतो ते बहुतेक वेळा तिच्या झिजलेल्या रबरांबद्दलचं मत असतं. लोखंड अजून ठणठणीत असतं. रबर मेलेलं असतं.

आधी गाडीची ओळख. मर्सिडीजची ही डब्ल्यू १२४ म्हणून ओळखली जाणारी पिढी जर्मनीत १९८४ च्या अखेरीस आली. आपल्याकडे कंपनीनं १९९४ मध्ये पाय रोवला आणि १९९५ पासून पिंपरीला टेल्कोच्या, म्हणजे पुढच्या टाटा मोटर्सच्या, आवारात याच गाडीची जोडणी सुरू झाली. चाकणचा स्वतःचा कारखाना फार नंतरचा, २००९ चा. तुमच्या ई २२० मध्ये २.२ लिटरचं चार सिलिंडरचं पेट्रोल इंजिन आहे, ताकद १५० अश्वशक्ती. वजन चौदाशे किलोच्या आसपास, व्हीलबेस म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर २८०० मिलिमीटर. आजच्या हिशेबानं यात डोळे दिपवणारं काही नाही. या गाडीचं मोठेपण खाली आहे, म्हणून तिथंच जातो.

मणक्याचा विषय आहे म्हणून एक गोष्ट नीट समजून घ्या. गाडीचं धड स्प्रिंगांवर वरखाली होतं त्याचा एक ठेका असतो. आरामासाठी बनवलेल्या मोठ्या सेडानमध्ये तो सेकंदाला साधारण एकदा, फार तर सव्वा-दीडदा. झोपाळ्यासारखा हा संथ ठेका अंगाला खुपत नाही. खुपतात ते सेकंदाला चार ते आठ वेळा बसणारे हादरे, कारण बसलेल्या माणसाचं धड उभ्या दिशेनं नेमकं त्याच टापूत सगळ्यात जास्त थरथरतं. चांगल्या सस्पेन्शनचं काम एवढंच की खड्ड्याचा टोकदार मार संथ हेलकाव्यात बदलायचा आणि तो हेलकावा लगेच थांबवायचा. पहिलं काम स्प्रिंग, टायर आणि रबरी बुश करतात, दुसरं शॉकअप करतात. मामांच्या दारात सीटवर बसून जो मऊ-कडकपणा कळतो त्याचा यातल्या कशाशीच संबंध नाही.

आता तरंगण्याची तक्रार. पुलाचा सांधा किंवा रस्त्यातला उंचवटा गेल्यावर गाडी एकदा खाली, एकदा वर आणि मग जागेवर यायला हवी. तुमची दोन-तीनदा डोलते म्हणजे शॉकअप गेलेत. पुष्कळ लोक या डोलण्यालाच आराम समजतात. पहिल्या दहा मिनिटांत ते छानही वाटतं. शिरवळ येईपर्यंत मागे बसलेल्या माणसाला मळमळायला लागतं, आणि मणक्याचा रुग्ण प्रत्येक डोलण्याला नकळत पाठीचे स्नायू आवळून धरतो. संध्याकाळी जी पाठ भरून येते ती यामुळं. बोनेटचा कोपरा दाबून शॉकअप तपासायची जी पद्धत आहे ती या गाडीला पुरेशी नाही. गॅसवाले शॉकअप अर्धे गेले तरी हाताच्या दाबाला बऱ्यापैकी टिकून राहतात. ऐंशीच्या वेगात उंचवट्यावरच खरं कळतं. आणि ‘ऑइल भरून नवे करून देतो’ असं कुणी म्हणालं तर नाही म्हणा. हे शॉकअप उघडून भरायचे नसतात. चार बदलायचे, निदान पुढचे दोन किंवा मागचे दोन एकदम बदलायचे, आणि बरोबर वरची रबरी माउंटिंगंही. जुन्या माउंटिंगवर नवा शॉकअप बसवला की महिनाभरात आवाज आलाच समजा.

मागच्या टकटकीसाठी थोडं खाली डोकवावं लागेल. या गाडीच्या मागच्या प्रत्येक चाकाला पाच वेगवेगळ्या दांड्या धरून ठेवतात. ही रचना मर्सिडीजनं १९८२ मध्ये छोट्या १९० मॉडेलात आणली आणि मग या गाडीत घेतली. एकेका दांडीला एकच काम वाटून दिलंय. त्यामुळं चाक वरखाली झालं तरी रस्त्याशी असलेला त्याचा कोन फारसा बिघडत नाही, आणि त्यामुळंच स्प्रिंगा मऊ ठेवूनही गाडी वळणावर मागून सुटत नाही. आराम आणि पकड दोन्ही एकत्र मिळायचं कारण हेच. पण दोन्ही बाजूंच्या मिळून दहा दांड्या, आणि प्रत्येकीच्या टोकांना रबरी बुश किंवा सांधा. त्यातले दोन-तीन फाटले की चाक स्वतःच्या मनानं थोडंथोडं वळायला लागतं. मग ‘मागून कुणीतरी गाडी हलवतंय’ असं वाटतं, सरळ रस्त्यावरसुद्धा.

टकटक ब्रेकरवर कमी वेगात, एकच चाक चढताना येत असेल तर आधी अँटीरोल बारची, म्हणजे वळणावर गाडी फार कलू न देणाऱ्या आडव्या सळईची, लिंक आणि तिचे रबर पाहा. काम स्वस्त असतं. दोन्ही चाकं एकदम उतरताना ‘धप्’ असा जाड आवाज असेल तर शॉकअपचं माउंटिंग. थांबलेल्या गाडीनं उचल घेताना किंवा गिअर टाकताना एकच ठोका येत असेल तर डिफरन्शियलचं (मागच्या दोन चाकांना ताकद वाटून देणाऱ्या पेटीचं) माउंटिंग किंवा प्रोपेलर शाफ्टच्या, म्हणजे ताकद मागं नेणाऱ्या लांब दांड्याच्या, टोकांच्या जाड रबरी चकत्या. त्या चकत्यांवर बोल्टांभोवती भेगा दिसल्या तर ते काम पुढं ढकलू नका.

बुश बदलताना बहुतेक ठिकाणी एक चूक होते, आणि तिनं या गाडीचा आराम सगळ्यात जास्त मारलाय, म्हणून जरा थांबून सांगतो. बुश म्हणजे आत लोखंडी नळी, बाहेर लोखंडी कडं आणि मध्ये दोघांना घट्ट चिकटलेलं रबर. दांडी हलते तेव्हा आत काही घसरत नाही. रबर पिळलं जातं आणि परत सुटतं. बोल्ट आवळला की आतली नळी जागच्या जागी पक्की होते. आता गाडी लिफ्टवर आहे, चाकं खाली लोंबकळतायत आणि कारागिरानं त्याच अवस्थेत बोल्ट करकचून आवळला. रबराची मोकळी, पीळ नसलेली जागा त्या लोंबकळत्या अवस्थेत ठरली. गाडी जमिनीवर उतरली की चाक बरंच वर येतं आणि रबर उभ्या गाडीतच पिळलेलं राहतं. नवे बुश घालूनही गाडी कडक लागते, थोडी उंच दिसते, आणि बुश लवकर फाटतात. हे सुरुवातीच्या वर्षांत मीही चुकलोय. एका डॉक्टरांच्या गाडीचे बुश वर्षाच्या आत फाटून आले, मी मालाला दोष दिला. दुसरा जोडही तसाच आला तेव्हा काढलेला बुश शिकंज्यात धरून न्याहाळला, आणि भेग एकाच बाजूनं तिरकी गेलेली दिसली. पिळून पिळून गेलेला होता तो. तेव्हापासून बोल्ट नुसते लावून ठेवतो, गाडी चाकांवर उभी करतो, चार पावलं मागंपुढं ढकलतो आणि खड्ड्यात उतरून शेवटचा आवळा तिथं देतो. तुम्ही काम कुणाकडूनही करून घ्या, पण ‘बोल्ट गाडी खाली उतरवून आवळा’ एवढं वाक्य तोंडानं सांगा आणि तिथं उभे राहा.

दुसरी गोष्ट स्प्रिंगांची. आपल्याकडचे ब्रेकर उंच, म्हणून पुष्कळ जण स्प्रिंगेच्या वेढ्यांमध्ये रबराचे बफर कोंबतात. मामांनीही कधी बसवून घेतले असतील, टॉर्च मारून पाहा. कोरेगावहून एक जण याच पिढीची डिझेल गाडी घेऊन आले होते. तक्रार अशी की पूर्वी पंढरपूरपर्यंत जाऊन आलं तरी काही वाटायचं नाही, आता साताऱ्याला आलं तरी कंबर धरते. चारही स्प्रिंगांत बफर निघाले. बफर घातला की तेवढे वेढे मुके होतात, स्प्रिंग आखूड आणि कडक होते आणि तो संथ ठेका जातो. मी चारही काढले. गाडी खरंच खचलेली होती, पण त्याचा उपाय कंपनीनं आधीच देऊन ठेवलाय. स्प्रिंगेच्या टोकाशी जी रबरी बैठक असते तिच्यावर ठिपके असतात, एक ते चार. ठिपके जितके जास्त तितकी बैठक जाड. पातळ काढून जाड बैठक घातली की गाडीची उंची सुधारते आणि स्प्रिंगेचा स्वभाव तसाच राहतो. ते गृहस्थ गाडी घेऊन गेले आणि अर्ध्या तासानं परत आले. मला वाटलं काहीतरी राहिलं. ते म्हणाले, ‘काही नाही, नुसतं सांगायला आलो.’

टायरबद्दल लवकर आटोपतो. या गाडीचं माप १९५/६५ आर १५. म्हणजे रिम आणि रस्ता यांच्यामध्ये रबराची भिंत साडेबारा सेंटिमीटरहून जास्त. दाजींच्या गाडीला २२५/४५ आर १८ असतील तर त्यांच्याकडे हीच भिंत दहाच्या आसपास. ती अडीच सेंटिमीटर खड्ड्याची धार गिळतात, म्हणून देखणेपणासाठी मोठे अलॉय बसवू नका. मामांच्या गाडीवरचे टायर जुने असणार. भिंतीवर चार आकड्यांचा शिक्का असतो, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. सहा-सात वर्षांपेक्षा जुने असले तर नक्षी कितीही शिल्लक असो, काढून टाका. त्यातून गाडी एका जागी उभी होती. टायरला खाली सपाट चट्टा पडतो आणि तो साठच्या पुढं सीटमधून गुरगुरत जाणवतो.

सीटबद्दल तुम्ही लिहिलंय की ‘बसल्या बसल्या कडक वाटली’. ती तशीच असायला हवी. या सीटच्या आत नुसता फोम नाही. खाली पोलादी स्प्रिंगांची जाळी आणि तिच्यावर रबर मारलेल्या काथ्यासारख्या तंतूंची जाड गादी असते. पाच मिनिटांत ती कडक वाटते, दोन तासांनी तिची किंमत कळते, कारण ती एकाच जागी खचत नाही आणि तिच्यातून हवा खेळते. तपासायचं असं: सीटच्या खाली हात फिरवा. गालिच्यावर तपकिरी भुगा सापडला तर तंतू मोडायला लागलेत. ड्रायव्हरच्या सीटची दाराकडची कड बसलेली असते, कारण तीस वर्षं तिथूनच चढउतार झालेली असते. मग कंबर एका बाजूला कलते आणि माणूस दोष सस्पेन्शनला देतो. चांगला सीटवाला ही गादी नव्यानं भरू शकतो, फक्त त्याला सांगा की फोम ठासून भरू नको. वर जाड कव्हर चढवलेलं असेल तर ते काढूनच गाडी चालवून पाहा.

सांगलीची गाडी आहे म्हणून विचारतो, आणि मामांना हे विचारायला संकोच करू नका: ऑगस्ट २०१९ च्या महापुरात गाडी कुठं उभी होती? आणि जुलै २०२१ मध्ये? घरच्या माणसाकडून गाडी घेताना हा प्रश्न सगळे टाळतात. सीटच्या रुळांचे बोल्ट पाहा, गालिचा उचलून खालचा थर नाकाजवळ न्या, सीटच्या पोटातल्या स्प्रिंगांवर गंज आहे का बघा. काथ्याची गादी एकदा नदीचं पाणी प्याली की तिचा वास परत परत वर येतो, पावसाळ्यात तर हमखास. पाणी सीटपर्यंत गेलं असेल तर माझा सल्ला ही गाडी वडिलांसाठी घेऊ नका. सस्पेन्शन मी नवं करून देईन. भिजलेल्या वायरिंगची खात्री मी देऊ शकत नाही, कुणीच देऊ नये. याच काळातल्या काही पेट्रोल मर्सिडीजच्या इंजिनाच्या वायरिंगचं आवरण मुळातच कोरडं पडून गळायचं. त्यामुळं पूर आलेला नसला तरी बोनेट उघडून एखादी वायर हलकेच वाकवून पाहा. आवरण तडकून पडलं तर आधी तो खर्च धरा.

आता स्टिअरिंग. इथं सगळ्यात जास्त गैरसमज होतो. नव्या गाड्यांत रॅक म्हणजे दातेरी पट्टी आणि विजेची मोटर असते. बोटानं फिरतं, लगेच वळतं. या गाडीत जुन्या पद्धतीची, आत छर्रे फिरणारी पेटी आहे. मधोमध असताना ती थोडी शांत असते. हात जरा हलला तरी गाडी लगेच बाजूला जात नाही. शहरात तुम्ही याला सुस्ती म्हणाल. हायवेवर ताशी शंभरनं शेजारून ट्रक जातो तेव्हा हाच शांतपणा कामाला येतो. स्टिअरिंगला सारखं सावरावं लागत नाही, खांदे सैल राहतात, आणि शेजारी बसलेल्या माणसाला बारीक झोले बसत नाहीत.

पण स्वभाव वेगळा आणि झीज वेगळी. गाडी उभी, इंजिन चालू, काच खाली. बाहेर वाकून पुढच्या चाकाकडं बघत स्टिअरिंग एका बोटानं डावीउजवीकडं हलवा. बोटभर अंतरात चाक हलायला लागलं तर स्वभाव. दोन-तीन बोटं फिरूनही चाक ढिम्म असेल तर झीज. मग एकानं स्टिअरिंग हलवायचं आणि दुसऱ्यानं खाली आयडलर आर्मवर, म्हणजे पेटीच्या समोरच्या बाजूला स्टिअरिंगच्या दांड्या पेलणाऱ्या छोट्या आर्मवर, हात ठेवायचा. दहापैकी सात वेळा प्ले, म्हणजे ढिलेपणा, तिथंच सापडतो, बुश छोटा आणि काम सोपं. त्यानंतर टाय रॉडचे (चाकं वळवणाऱ्या दांड्यांचे) सांधे, मग स्टिअरिंगच्या दांड्यातला रबरी जोड. हे सगळं सोडून काही जण थेट पेटीवरचा स्क्रू आवळतात. कृपा करून ते करू देऊ नका. पेटी मधोमध घट्ट होते, वळणानंतर स्टिअरिंग आपोआप परत येत नाही आणि आतला भाग कायमचा खराब होतो. नवी पेटी मिळणं आता सोपं राहिलेलं नाही.

इंजिनाची माउंटिंगं, ज्यांना आम्ही फाउंडेशन म्हणतो, तीही पाहून घ्या. या गाडीत ती आत द्रव भरलेली असतात. गळून बसली की सिग्नलला उभं असताना सीट आणि स्टिअरिंग थरथरतं. तुम्ही गिअरबॉक्स कुठला ते लिहिलं नाहीत. ऑटोमॅटिक असेल तर डी मध्ये ब्रेक धरून उभं राहिल्यावर हे लगेच कळेल. त्या चार गिअरच्या ऑटोमॅटिकबद्दल अजून एक: हलक्या पायानं निघालात तर ती दुसऱ्या गिअरवर उचल घेते. गाडी मरगळलेली वाटते, पण ती रचनाच तशी आहे. ॲक्सिलरेटरचं पेडल लांबवर दाबावं लागतं आणि जरा जड आहे, ते अर्ध्याहून पुढं दाबायला लाजू नका. पहिल्या दिवशी या गाडीचा वेग अंगाला कळत नाही. पाय हळूहळू दाबत, हळूहळू सोडत चालवली की ती वितळल्यासारखी चालते. दाजींच्या गाडीसारखं टपकन दाबलं की नाक उचलते आणि मागं बसलेला माणूस मागं फेकला जातो.

मिरजेपर्यंतच्या आठ-दहा किलोमीटरांत यातलं काहीच कळत नाही. गाडी साताऱ्याला आणा. सकाळी, इंजिन थंड असताना सुरू करा. रबरांचे आवाज थंडपणी जास्त बोलतात. चारही टायरची हवा मोजून कंपनीच्या तक्त्याप्रमाणं भरा. हवा पाच पौंड जास्त असली तरी निष्कर्ष चुकतो. राजवाड्याकडच्या जुन्या पेठांमधून पहिल्या गिअरच्या वेगानं जा, काचा खाली करून, भिंतीच्या कडेनं. भिंतीवर आपटून परत येणारा आवाज कुठल्या चाकाचा आहे ते स्पष्ट ऐकू येतं. पावणेपाच मीटरची ही गाडी तिथल्या वळणांवर ज्या सहजतेनं वळते तेही बघा, पुढची चाकं खूप आत वळतात.

मग समर्थ मंदिरावरून यवतेश्वरचा घाट चढा. फुलांच्या हंगामात शनिवार-रविवार सोडून, नाहीतर कासच्या गर्दीत काहीच चालवायला मिळणार नाही. पहिल्या मोठ्या वळणाला गाडी बाहेरच्या बाजूला बरीच कलेल. घाबरू नका. बघायचं ते असं की कलून एका जागी स्थिर होते का, की कलल्यावर अजून एकदा हलते. नीट असलेली गाडी वळणात शिरताना एकदाच टेकते, मग वळण संपेपर्यंत तशीच राहते. स्टिअरिंग हातात जड होत जातं आणि त्या जडपणावरून पुढच्या टायरला किती पकड उरलीय हे कळतं. वळण सुटताना हात सैल केला की स्टिअरिंग तळहातातून आपोआप सरकत मध्ये येतं, थोडं सावकाश, पण येतं. वळणाच्या मध्यावर खडबडीत पट्टा आला आणि मागची बाजू एक पाऊल बाहेर सरकल्यासारखी वाटली तर मागच्या दांड्यांचे बुश गेलेत.

उतरून हायवेला लागा आणि आनेवाडी, पाचवड करत सुरूर फाट्यापर्यंत जाऊन या. भुईंजला कृष्णेचा पूल आहे. त्याच्या आणि वाटेतल्या उड्डाणपुलांच्या सांध्यांवर लक्ष ठेवा, एकदा साठनं, एकदा ऐंशीनं. पहिल्या फेरीत वडिलांना नेऊ नका. दुसऱ्या फेरीत न्या, आणि त्यांना काही विचारू नका. घरी आल्यावर ते गाडीतून कसे उतरतात ते बघा. दाराला धरून थांबून उतरले की सरळ उतरले, यावरून मला जेवढं कळतं तेवढं कुठल्याच यंत्रावरून कळत नाही.

त्यांना बसवायचं पुढं, डाव्या बाजूला. मालकानं मागं बसायचं ही आपली पद्धत, पण सेडानमध्ये मागची सीट मागच्या चाकांच्या जवळ असते आणि चाकांचा मार तिथं जास्त पोचतो. पुढची सीट गाडीच्या मधल्या भागाकडं असते, ती कमी हलते. पाठ किंचित मागं झुकवा, कमरेच्या पोकळीत टॉवेलची बारीक गुंडाळी ठेवा, आणि सीट इतकी पुढं घ्या की मांडीखाली आधार मिळेल. पुण्याला जाताना मध्ये एकदा थांबून त्यांना चार पावलं चालवा, गाडी कितीही चांगली असली तरी.

दाजींच्या गाडीबद्दलही प्रामाणिक सांगतो. ती काही बाबतींत खरोखर पुढं आहे. वेगात इंजिनाचा आवाज तिच्यात कमी येईल; ई २२० चं चार सिलिंडर इंजिन जोरात पळवलं की खरखरतं. एसी लवकर गार करेल. मामांच्या गाडीचा एव्हॅपोरेटर, म्हणजे एसीची हवा गार करणारा भाग, गळत असेल तर तो बदलायला अख्खा डॅशबोर्ड उतरवावा लागतो, हे आधीच ठाऊक असू द्या. अपघातात जीव वाचवण्याच्या बाबतीत तीस वर्षांतली प्रगती मोठी आहे, ती मी नाकारणार नाही. एबीएस आणि एअरबॅग असतील तर चावी फिरवल्यावर त्यांचे दिवे पेटून विझतात का पाहा. दिवा मुळीच पेटत नसेल तर कुणीतरी बल्ब काढलेला असू शकतो. खराब रस्त्यावर, लांब पल्ल्याला, दुखऱ्या पाठीला मात्र नीट केलेली १२४ अजून भारी पडते असं माझं मत आहे, आणि ते मी दोन्ही गाड्या एकाच दिवशी एकाच रस्त्यावर चालवून बनवलंय.

कागदांत आरसीची मुदत बघा. पंधरा वर्षांनंतर खासगी गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी नव्यानं करावी लागते, म्हणजे १९९६ च्या गाडीची पुढची पाळी २०२६ मध्ये येते, आणि पर्यावरण कर वेगळा. पेट्रोलच्या रबरी नळ्या एकदा सगळ्या बदलून घ्या. आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं आणि त्या काळची रबरं त्यासाठी बनलेली नव्हती. बोनेट उघडल्यावर पेट्रोलचा वास आला तर गाडी तिथंच बंद करा.

खर्च एकदम करू नका. आधी टायर आणि आयडलर आर्म, मग चार शॉकअप त्यांच्या माउंटिंगसकट, मग मागच्या दांड्यांचे बुश, शेवटी फाउंडेशन आणि सीट. चारचाकी अलायनमेंट सगळं झाल्यावर. मागच्या चाकांचा ‘टो’, म्हणजे ती आत-बाहेर किती वळलेली आहेत तो कोन, तोही या गाडीत जुळवता येतो, तो जुळवून मागा. प्रत्येक टप्प्यानंतर भुईंजच्या त्याच पुलावरून त्याच वेगानं गाडी न्या आणि काय बदललं ते वहीत लिहा. सुटे भाग पुण्याला नाना पेठेत मिळतील, जुना तुकडा बरोबर न्या. मामांना आधी पुराचं विचारा. त्यांचं उत्तर आणि टायरवरचे चार आकडे मला कळवा, मग शॉकअप कुठले घ्यायचे ते सांगतो.